कॅप्टन ब्राउनच्या कड्या

जुन्या घरातल्या झोपाळ्यावर बसणाऱ्याचे लक्ष फळीकडे असते. फळी सागवानी आहे का, दोघांना पुरते का, दुपारी आडवे पडता येते का, एवढेच आपण पाहतो. वर आढ्यापासून खाली आलेल्या कड्यांकडे लक्ष जाते ते त्या कुरकुरू लागल्या की. तेल घालायला म्हणून एक कडी काढून हातात घेतली तर ती मोठी शहाणपणाची वस्तू निघते. हातभर लांबीची सळई आणि दोन्ही टोकांना एकेक नेढे, बस्स. एका सळईचे नेढे दुसरीच्या नेढ्याला अडकवायचे, तिसरी दुसरीला, आणि अशा चारपाच सळयांत झोपाळा जमिनीपासून गुडघाभर उंचीवर येऊन थांबतो.

विहिरीच्या पोहऱ्याला असते तशी बारीक कड्यांची साखळी इथे का लावत नाहीत? दोर का बांधत नाहीत? या घरगुती प्रश्नाचे उत्तर एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याने २०० वर्षांपूर्वी अगदी गंभीरपणे शोधले. त्या उत्तरातून त्याने नदीवर १३७ मीटर लांबीचा झोपाळा टांगला आणि त्यावरून गाड्या नेल्या. त्याचे नाव सॅम्युएल ब्राउन. झुलत्या पुलांचा इतिहास निघाला की टेलफर्ड, ब्रुनेल, रोबलिंग ही नावे पुढे येतात; ब्राउन मागच्या रांगेत राहतो. तो मागे का राहिला, हेही त्याच्या कड्यांनीच सांगितले आहे.

वाखाचा दोरखंड

ब्राउनचा जन्म १७७६ चा, लंडनचा. घराणे मूळ स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागातले. १७९५ मध्ये तो ब्रिटिश नौदलात दाखल झाला. फ्रान्सशी युद्ध पेटलेले होते आणि ते पुढची २० वर्षे या ना त्या रूपात चालणार होते. म्हणजे तरुण ब्राउनचे शिक्षण कुठल्या तंत्रविद्यालयात झाले नाही, ते डेकवर झाले. तिथे त्याला एका वस्तूचा जाच रोज दिसत होता. ती वस्तू म्हणजे नांगराचा दोरखंड.

शिडाच्या जहाजाला इंजिन नसते. किनारा जवळ, वारा किनाऱ्याकडे, अशा वेळी जहाज आणि खडक यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त नांगर, आणि नांगर म्हणजे त्याचा दोर. मोठ्या युद्धनौकेच्या दोरखंडाचा घेर दोन फुटांच्या आसपास असे. तो वाखाचा वळलेला. भिजला की जड, ओढून घ्यायला माणसांची पलटण लागे, आणि ओलाच खाली रचून ठेवला की कुजे, घाण मारी. सर्वांत वाईट म्हणजे समुद्रतळाच्या खडकावर तो घासला जाई. वर जहाजावर कुणाला काही कळायच्या आत खाली एकेक पीळ तुटत असे.

त्यात युद्धाची भर पडली. ब्रिटनला लागणारा बराचसा वाख रशियातून येई. १८०७ मध्ये रशियाने नेपोलियनशी तह केला आणि हा पुरवठाच धोक्यात आला. ज्या देशाचे सगळे बळ जहाजांवर, त्या देशाला दोर मिळेना, अशी वेळ दारात येऊन उभी राहिली.

लोखंडी साखळीची कल्पना नवी नव्हती. पण साखळी एका कडीत तुटली की सगळीच गेली, आणि कुठली कडी कच्ची आहे हे बाहेरून दिसत नाही, या भीतीने खलाशी तिच्यापासून लांब राहत. ब्राउनने नुसता युक्तिवाद केला नाही. त्याने ‘पेनेलोपी’ नावाचे एक व्यापारी जहाज घेतले, त्याला नांगराला साखळी लावली, शिडांच्या दोरांतही लोखंड वापरले आणि १८०८ मध्ये ते वेस्ट इंडीजला नेऊन परत आणले. जहाज सुखरूप आले, साखळ्याही आल्या. मग नौदलाने आपल्या काही जहाजांवर तसेच प्रयोग करायला मान्यता दिली.

साखळी चालते याचे कारण ती दणकट आहे एवढेच नाही. ती जड आहे, हेही आहे. जहाजापासून नांगरापर्यंत ती सरळ रेषेत ताणलेली नसते. तिला मोठा झोळ असतो आणि खालचा भाग तळावर लोळत पडलेला असतो. वाऱ्याचा झपाटा आला, जहाज मागे रेटले गेले, की आधी हा झोळ उचलला जातो. इतके मण लोखंड वर उचलण्यातच झपाट्याचा जोर बराचसा खर्ची पडतो. नांगराला बसणारा हिसका कमी होतो आणि तो जमिनीला समांतर राहतो, म्हणून नांगर उपटत नाही. वाखाच्या हलक्या दोराला हे जमत नसे.

आधी ओढून पाहा

युद्ध ओसरत आले तसा ब्राउन सक्रिय नोकरीतून बाजूला झाला. कमांडरचा हुद्दा मिळालेला होता. लोक त्याला कॅप्टन ब्राउन म्हणू लागले आणि तेच नाव पुढे पुलांनाही चिकटले. सॅम्युएल लेनॉक्स या नातलगाला भागीदार करून त्याने लंडनमध्ये टेम्सकाठी मिलवॉल इथे साखळ्यांचा कारखाना घातला. थोड्याच वर्षांत दुसरा मोठा कारखाना वेल्समध्ये पाँटीप्रिडजवळ उभा राहिला. तिथे लोखंड हाताशी होते आणि माल न्यायला कालवा दारातून जात होता.

या कारखान्यातली खरी नवलाची वस्तू म्हणजे साखळी ओढून पाहण्याचे यंत्र. साखळीचे एक टोक घट्ट बांधायचे, दुसरे तरफांच्या मदतीने टनावारी जोराने खेचायचे. ठरलेल्या ताणाला टिकली तर माल बाहेर जाणार. एखादी कडी उघडली तर ती इथेच उघडू दे, समुद्रात नको. आज हे आपल्याला साधे वाटते. त्या काळी लोहार आपली कडी कानाने तपासत असे, ठोकली की आवाज कसा येतो त्यावरून. ब्राउनने कानाऐवजी आकडा आणला. पुढे हा शिरस्ता इतका रुजला की १८६४ मध्ये ब्रिटनने कायदाच केला: तपासणी न झालेली नांगराची साखळी विकायची नाही.

या यंत्रावर रोज साखळ्या तुटताना पाहणाऱ्या माणसाला कडीचा स्वभाव कळत जातो. गोल कडी ओढली की ती आधी लांबट होते, म्हणजे वाकते. लोखंडाचा काही जीव वाकण्यात जातो, काही जोडाच्या जागी जातो आणि उरलेला ओझे पेलतो. घडीव लोखंडाची सरळ सळई मात्र ओढली तर वाकायला कुठे जागाच नसते. तिचा कणन्‌कण एकाच कामाला लागतो. मग साखळीला जहाजावर रहाटाभोवती गुंडाळून घ्यायचे नसेल, ती एकदा टांगून तशीच ठेवायची असेल, तर बारीक कड्या हव्यात कशाला? सळई हवी तेवढी लांब करा, नेढी फक्त टोकांना ठेवा. जोड कमी, वजन कमी, ताकद जास्त. आपल्या झोपाळ्याच्या कडीमागचा विचार तो हाच.

१८१३ च्या सुमारास ब्राउनने मिलवॉलच्या आवारात १०५ फूट गाळ्याचा एक पूल नमुना म्हणून टांगला. टेलफर्ड आणि जॉन रेनी हे त्या वेळचे दोन मोठे स्थापत्य अभियंते तो पाहून गेले. लांब सळयांच्या साखळदंडाचे पेटंट ब्राउनने १८१७ मध्ये घेतले. आता एक नदी तेवढी हवी होती.

ट्वीडवरचा झोपाळा

ट्वीड नदी काही अंतर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची हद्द होऊन वाहते. दक्षिणेला इंग्लंडमधले हॉर्नक्लिफ, उत्तरेला स्कॉटलंडमधले फिशविक. इंग्लंडकडून कोळसा आणि चुना पलीकडे जाई, पण मध्ये पूल नव्हता. नदी पाण्यातून ओलांडायला एक उतार होता. पाणी वाढले की तो बंद, आणि गाड्यांना मैलोगणती वळसा. दगडी कमानींचा पूल बांधायचा तर पात्रात खांब घ्यावे लागणार आणि खर्च आवाक्याबाहेर जाणार. ब्राउनने त्याच्या निम्म्याहून कमी पैशात काम करून द्यायचे कबूल केले, तेही पात्रात एकही खांब न घेता.

काम १८१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. दगडी मनोऱ्यांच्या बाबतीत रेनीचा सल्ला घेतला होता. लोखंडाचे सगळे ब्राउनचे. त्याने रस्त्याच्या दोन्ही अंगांना सहा सहा, असे बारा साखळदंड टांगले. प्रत्येक बाजूच्या सहांच्या तीन जोड्या, एकीखाली एक. साखळदंडाची एकेक सळई दोन इंच जाडीची आणि १५ फूट लांब. रस्ता उचलून धरणाऱ्या उभ्या सळया जोडांच्या जागीच सोडायच्या, आणि जोड तर १५ फुटांवर येणार. इथे ब्राउनने छान तोड काढली. तिन्ही जोड्यांचे जोड त्याने एकमेकांपासून पाच पाच फूट सरकवले. त्यामुळे वरची, मधली, खालची असे करत दर पाच फुटांवर एक उभी सळई मिळाली आणि लाकडी रस्ता सारखा पेलला गेला.

२६ जुलै १८२० ला पूल खुला झाला. आधी ब्राउन स्वतः घोडागाडीतून पलीकडे गेला, त्याच्यामागून दगडांनी भरलेल्या गाड्या नेल्या, आणि मग जमलेले शेकडो लोक पुलावर लोटले. काहीही झाले नाही. गाळा ४४९ फूट, म्हणजे सुमारे १३७ मीटर. घडीव लोखंडाचा एवढा लांब झुलता पूल त्या दिवशी जगात दुसरा नव्हता. दोन देशांना जोडणारा म्हणून त्याचे नाव युनियन पूल. मनोऱ्यावर इंग्लंडचा गुलाब आणि स्कॉटलंडचे काटेरी फूल एकमेकांत गुंतलेले कोरले आहेत.

सगळे काम एका वर्षाच्या आत आटोपले होते. त्यानंतर ब्राउनकडे रीघ लागली. १८२१ मध्ये एडिंबराजवळ बोटींसाठी त्याने साखळदंडांवर टांगलेला धक्का बांधला. १८२३ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या ब्रायटनला तसाच, पण कितीतरी मोठा धक्का झाला: ११३४ फूट लांब, समुद्रात रोवलेल्या खुंटांवर बिडाचे मनोरे आणि त्यांच्यामध्ये एकापुढे एक असे चार झोळ. फ्रान्समधल्या दिएपला जाणाऱ्या बोटी तिथे लागत. पण त्याहून जास्त गर्दी हवा खायला येणाऱ्यांची होई. मनोऱ्यांच्या पोटात चिमुकली दुकाने होती. टर्नर आणि कॉन्स्टेबल या दोघांनीही या धक्क्याची चित्रे काढली. एका नौदल अधिकाऱ्याचे लोखंडी काम चित्रकारांना भुरळ घालत होते, याहून मोठे यश काय असते?

वारा

झोपाळ्याच्या दोन तऱ्हा असतात. माजघरातला झोपाळा ओझे पेलतो. त्यावर चार माणसे बसवली तरी कड्या किती ताणल्या जातील हे सांगता येते. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका निराळा. त्यावर मुलगी उभी राहते, गुडघ्यात वाकते, उठते, पुन्हा वाकते, आणि कुणीही न ढकलता झोका चढत जातो. तिचे वजन तेवढेच आहे. पण ती झोक्याच्या लयीत हलते आहे, आणि प्रत्येक हेलकाव्यात थोडी थोडी भर पडते आहे.

ब्राउनचे यंत्र पहिल्या झोपाळ्याला पुरेसे होते. दुसऱ्याला नव्हते.

पहिली सूचना माणसांनीच दिली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मॉन्ट्रोज इथे ब्राउनचा ४३२ फूट गाळ्याचा पूल १८२९ च्या अखेरीला खुला झाला होता. १९ मार्च १८३० ला नदीत होड्यांची शर्यत होती. पुलावर दाटी झाली, होड्या खालून गेल्या तशी गर्दी त्या पाहायला एका कठड्याकडून दुसऱ्या कठड्याकडे धावली. सगळे ओझे एकदम एका अंगाला आले आणि मनोऱ्यापाशी वरचा साखळदंड तुटला. तो खालच्यावर आदळला. खालच्याने पूल धरून ठेवला, पण काही माणसे जिवाला मुकली.

त्याच वर्षी ब्राउनने आणखी एक धाडस केले. टीज नदीवर रेल्वेसाठी त्याने झुलता पूल बांधला, रेल्वेचा जगातला पहिला. गाडी पुलावर आली की तिच्याखालचा रस्ता दबे आणि तिच्यापुढे लाटेसारखा फुगून येई. शेवटी कोळशाचे डबे एकमेकांपासून लांब ठेवून, थोडे थोडे करून न्यावे लागले. रेल्वेने तो पूल १८४० च्या दशकात काढूनच टाकला. चालत्या ओझ्याखाली नुसता साखळदंड आपला आकार बदलतो. त्याला तुटण्याचे भय नसले तरी रुळांना ते चालत नाही.

मग वारा आला. ब्रायटनच्या धक्क्याचे १८३३ च्या वादळात नुकसान झाले. ते दुरुस्त केले. १८३६ च्या नोव्हेंबरअखेरीला पुन्हा वादळ झाले आणि या वेळी समुद्रकाठी एक योग्य माणूस उभा होता. विल्यम रीड हा लष्करी अभियंता वादळांचा अभ्यासक होता. त्याने जे पाहिले त्याची दोन चित्रे काढली. पहिल्यात तिसऱ्या गाळ्याचा रस्ता सापासारखा वळवळतो आहे: अर्धा भाग वर उचललेला, अर्धा खाली गेलेला. दुसऱ्यात तोच गाळा मोडून लोंबतो आहे. समुद्राच्या लाटांनी तो मोडला नव्हता. वरच्या हवेने मोडला होता.

वारा म्हणजे आडवा रेटा, एवढेच तेव्हाच्या गणितात होते. किती जोराचा वारा, किती मोठा पृष्ठभाग, किती रेटा, एवढे काढले की झाले. पण पातळ, हलका रस्ता वाऱ्यात थोडा जरी हलला की वाऱ्याची त्याच्या वरून-खालून जाण्याची वाट बदलते. वाट बदलली की रेटा बदलतो, कधी वरून दाब, कधी खालून उचल. तो रेटा पुलाला आणखी हलवतो, आणि पूल हलला की वाट पुन्हा बदलते. पूल स्वतःच झोक्यावरच्या मुलीसारखा गुडघे वाकवू लागतो आणि वारा त्याला लागेल तेवढी शक्ती पुरवत राहतो. सळई किती टन ओढ सोसते हे इथे गौण ठरते.

१८३८ च्या ऑक्टोबरात मॉन्ट्रोजचा रस्ताही वाऱ्याने उखडून टाकला. चार्ल्स पास्ली या लष्करी अभियंत्याने त्याची कारणे तपासली. त्याचे म्हणणे, अशा पुलांचे खरे दुखणे ही वरखाली होणारी लाट आहे आणि रस्ता ताठ केल्याशिवाय ते जाणार नाही. जेम्स रेंडेल या अभियंत्याने पूल नव्याने उभारताना तेच केले. रस्त्याच्या लांबीभर त्याने सुमारे १० फूट उंचीच्या लाकडी कैच्या बसवल्या. छपराला कैची असते तशीच ही. पूल वाकायला लागला की ती त्याला वाकू देत नाही. झोपाळ्यावर बसलेल्या आजीने पाय जमिनीला टेकवावा, तसे.

ब्राउनचे जन्मभराचे शत्रुत्व वाऱ्याशीच होते. नांगराच्या साखळीत त्याने वाऱ्याला हरवले ते वजनाच्या जोरावर: झोळ जितका जड तितका झपाटा सौम्य. पुलात त्याने वजन कमी केले, कारण त्याच्या यंत्राने त्याला तेच शिकवले होते, आणि त्याची सगळी बढाईही तीच होती की एवढ्या थोड्या लोखंडात एवढा लांब पूल. हलका पूल स्वस्त होतो आणि लवकर होतो. वाऱ्यालाही तोच सोपा जातो.

पुढे काय झाले

ब्राउनला १८३८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. १८५२ मध्ये लंडनजवळ ब्लॅकहीथला तो वारला. नदीवर टांगायच्या पुलांची मक्तेदारी तोवर त्याच्या हातातून गेली होती. टेलफर्डचा १७६ मीटर गाळ्याचा मेनाई पूल १८२६ मध्येच युनियन पुलाच्या पुढे गेला होता. वाऱ्याने त्यालाही सोडले नव्हते. अमेरिकेत जॉन रोबलिंगने तारेचे दोर आणि ताठ कैच्या एकत्र आणल्या आणि १८५५ मध्ये नायगाऱ्यावर रेल्वे झुलत्या पुलावरून नेऊन दाखवली. टीज नदीवर जमले नव्हते ते तिथे जमले.

आणि तरीही धडा पुसट झालाच. १९४० च्या जुलैत अमेरिकेत टॅकोमा नॅरोज पूल खुला झाला. मधला गाळा ८५३ मीटर, रस्ता डौलदार, सडपातळ. चार महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, ताशी जेमतेम ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात तो पिळवटून खाडीच्या पाण्यात पडला. त्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. नंतर जुनी दप्तरे चाळणाऱ्या अभियंत्यांना रीडची ब्रायटनची चित्रे सापडली. वळवळणारा तोच रस्ता १०४ वर्षांपूर्वी कागदावर उतरवलेला होता.

ब्रायटनचा धक्का ४ डिसेंबर १८९६ च्या वादळात कायमचा गेला, एडिंबराजवळचा दोन वर्षांनी. युनियन पूल मात्र उभा आहे. १९०२-०३ मध्ये त्याच्या मदतीला तारेचे दोर दिले, २०२० नंतर तो अख्खा उतरवून दुरुस्त केला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा टांगून वाहतुकीला खुला केला. दरीच्या कुशीत असल्याने वाऱ्याचा मारा त्याच्यावर समुद्रकाठच्या पुलांइतका नाही; ब्राउनच्या गणिताला साजेशी जागा त्याला पहिल्याच खेपेला मिळाली होती.

आणि नांगराच्या साखळीला तर गणित बदलावेच लागले नाही. ब्रुनेलच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाच्या साखळ्या पाँटीप्रिडच्या कारखान्यातच घडल्या. आजही मुंबईबाहेरच्या समुद्रात बंदरात जागा मिळण्याची वाट पाहत जहाजे नांगर टाकून उभी असतात, तेव्हा प्रत्येकाच्या नाकाशी लोखंडी साखळीच उतरलेली असते. गोदीत ती बसवण्याआधी कुणीतरी ती यंत्रावर ओढून पाहिलेली असते, आणि पाण्याखाली तिचा झोळ पावसाळी वाऱ्याच्या प्रत्येक झपाट्याला थोडा वर उचलला जाऊन पुन्हा तळावर बसत असतो.